सतरा ठोके

वाहन-ओळख प्रयोगशाळेत बोलायला बंदी होती, आणि शकुंतला माळकर ही बाई काही गप्प बसण्यासाठी जन्माला आलेली नव्हती.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली ती थंडगार पांढरी खोली. मधोमध शकूची जुनी लाल गाडी बॉनेट उघडून उभी. भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, ‘ताण-कक्ष. शांतता पाळा.’ शकूनं ते वाचलं आणि मोठ्यानंच विचारलं, “काय ओ मॅडम, गाडी झोपलीय होय?”

“झोपलेली नाही, ऐकतेय,” प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मालविका सरनोबत चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “तुम्ही जरा गप्प बसा.”

“बसतो की.” कोल्हापूरची बाई, ती ‘बसतो’च म्हणणार. पण बसली कुठली! तिचं अर्धं आयुष्य शेजारच्या सीटवरच्या बायकांना “क्लच दाबा, क्लच! अगं बाई, तो ब्रेक!” असं ओरडण्यात गेलेलं. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या आता आपल्या आपण चालायच्या, तरी हातानं गाडी हाकायची हौस या गावातून काही जात नव्हती. ती हौस भागवायला ‘माळकर ड्रायव्हिंग स्कूल’ होतं, आणि त्या स्कूलची एकमेव गाडी ही अशी बॉनेट उघडून उभी होती.

गाडी मूळची तिच्या वडिलांची, केरबा माळकरांची. गाड्यांच्या सांगाड्यावर हातानं नंबर ठोकायचं काम ते करत. शकू रांगत होती तेव्हा काविळीनं गेले. घरात त्यांचा एकच फोटो, आणि त्यातही ते इंजिनात वाकलेले, म्हणजे नुसती पाठ. आवाज तर कुठंच नाही. आई होती तोवर सांगायची, “तुझ्या आबांचा आवाज कसा होता माहीताय? गोड होता गं.” आता गोड म्हणजे कसा, हे काय सांगून कळतंय? मागच्या वर्षी आई गेली आणि तो आवाज ओळखणारं शेवटचं माणूसही गेलं.

आता या गाडीवर संकट आलं होतं. नवा कायदा असा, की पेट्रोलच्या प्रत्येक जुन्या गाडीनं आपली ओळख सिद्ध करायची. नाही झाली, तर गाडी थेट चेपणयंत्रात जायची, आणि बाहेर यायचा तो लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा.

“ओळख चार ठिकाणी असते,” परिवहन निरीक्षक हिंदुराव पोवार म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त कामात चोख होता. “काचेच्या कोपऱ्यातली पट्टी, दाराच्या खांबावरचं लेबल, इंजिन, आणि सांगाडा. तुमची काच बदललेली, लेबल उडालेलं, इंजिनही बदललेलं. उरला सांगाड्यावरचा नंबर.”

“मग हाय की तो! कागदाशी जुळतोय बी.”

“जुळतोय, तीच तर पंचाईत आहे.” पोवारांनी बॅटरीच्या खालच्या पत्र्यावर टॉर्च मारला. सतरा अक्षरं-आकड्यांची ओळ तिथं नीट दिसत होती. “पहिली तीन अक्षरं म्हणजे देश आणि कंपनी. दहावं म्हणजे वर्ष, अकरावं कारखाना, शेवटचे सहा आकडे या गाडीचे स्वतःचे. सगळं बरोबर. पण भोवतीचा पत्रा बघा, घासलेला आहे. कुणीतरी मूळ नंबर घासून काढला आणि वरून हा ठोकला. चोरीच्या गाडीवर मोडीत गेलेल्या गाडीचा नंबर चढवतात, तो असाच. आणि तुमच्या वडिलांकडं नंबर ठोकायचे पंच होते.”

शकूचा चेहरा लालबुंद झाला. “आमचे आबा चोर? ओ साहेब, तोंड सांभाळा!”

“मी म्हणत नाही बाई. पत्रा म्हणतोय.”

“पत्रा अजून काहीच म्हणालेला नाही,” डॉ. सरनोबत मधे पडल्या. “त्यासाठीच तर इथं आणलाय. पोवार, तुम्ही ठसानाद यंत्र चालताना पाहिलंय का?”

“नाव ऐकलंय. समजलं नाही.”

“सोपं आहे. लोखंडाच्या आत कणांच्या रांगा असतात. पंचावर हातोडा बसला की त्या रांगा घसरतात आणि नव्या जागी थिजतात. वरचा आकडा घासून काढला तरी खालचा ताण राहतोच, कारण ठोका दिसतो त्यापेक्षा खोल गेलेला असतो. हे जुनंच ज्ञान आहे. नवं एवढंच, की रांगा घसरत असतात त्या पळभरात आजूबाजूचा आवाजही त्यांना हलवत असतो. त्या थिजल्या की आवाजाची थरथरही आत थिजते.”

पोवारांनी मान हलवली. “म्हणजे चिखलात पाय उमटावा आणि सोबत पैंजणाचाही ठसा उमटावा, तसं?”

“अगदी तसंच. प्रत्येक ठोक्यात आवाजाचा एक कण. कारखान्यात ठोकला असेल तर यंत्रांची घरघर निघेल, चोराच्या गॅरेजमध्ये ठोकला असेल तर तिथला आवाज निघेल. म्हणून इथं बोलायचं नाही. आम्हीही याच खोलीत नवे नंबर ठोकतो. उद्या कुणी ते वाचले, तर त्यातून माळकर बाईंची बडबड निघायची.”

शकूनं तोंडावर हात ठेवला.

“आणखी एक,” डॉक्टर आता तिच्याशी बोलत होत्या. “वाचायला ऊब द्यावी लागते. ऊब दिली की ताण सुटतो, आवाज बाहेर पडतो, आणि ती जागा कोरी होते. आकडे दिसत राहतील, पण आत काही उरणार नाही. वाचता येतं ते एकदाच. तुमची परवानगी हवी.”

शकूनं नुसती मान हलवली. तोंडावरचा हात तिनं काढलाच नाही.

यंत्र सुरू झालं. पहिल्या अक्षरावर तांबूस उजेड पडला आणि भिंतीवरच्या कर्ण्यातून आवाज आला. क्षणभराचा, त्याहून कमीच. मागं एक लहान मूल रडतंय, आणि त्यावर पुरुषाच्या आवाजात एकच अक्षर. “र.”

यंत्राच्या पडद्यावर लाल दिवा लागला.

“हे काय?” पोवार कुजबुजले.

“नंबर ठोकणाऱ्यांची एक रीत असते,” डॉक्टरही कुजबुजल्या. “जे ठोकायचं ते मोठ्यानं बोलायचं, आणि तोंडातून निघताक्षणी हातोडा मारायचा. म्हणजे चूक होत नाही. त्यामुळं ठोक्यात नेमका तो आकडाच सापडतो. इथं ठसा ‘एम’चा आहे. ‘एम’ ऐकू यायला हवं होतं.”

दुसऱ्यातून “डू” निघालं. तिसऱ्यातून “न.” लाल दिवा लागतच गेला. एका वाचनानंतर पत्रा थंड होईपर्यंत थांबावं लागे, त्यामुळं अक्षरांचा एकमेकांशी मेळच लागेना. मूल मात्र दर ठोक्याला रडत होतं, मग हुंदके देत होतं, मग नुसतं मुसमुसत होतं. पुढं कुठंतरी कुकरची शिट्टीही अडकलेली निघाली.

सतरावं वाचून झालं तेव्हा पोवारांनी सुस्कारा सोडला. “यंत्रांची घरघर नाही, कारखाना नाही. घरात ठोकलाय. बोलतोय एक आणि मारतोय दुसरंच. सरळ दिसतंय, मॅडम.”

“थांबा. मधली शांतता काढून टाकते.” डॉक्टरांनी सतरा कण एकाला एक जोडले आणि बटण दाबलं.

कर्ण्यातून एक माणूस बोलला. तुटक, पण अगदी लाडात, रडणाऱ्या पोराला खेळवावं तसं एकेक अक्षर ठोक्यावर नाचवत.

“र-डू न-को गं श-कू बा-ळा, झा-लं ब-घ, आ-लो-च हां.”

डॉक्टरांनी न विचारताच ते पुन्हा लावलं. शकू खाली बसली, गाडीच्या चाकाला पाठ लावून. आजीवरून ठेवलेलं ते जुनाट नाव, शाळेत मुली चिडवायच्या ते, कुणी इतक्या मायेनं घेतलेलं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. आई खरंच सांगत होती. आवाज गोड होता. थोडा घोगरा होता आणि ‘आलोच’मधला ‘लो’ लांबवायचा, हे तेवढं आईनं सांगितलं नव्हतं. शकू रडायला लागली, आणि ज्या बाईला “रडू नको” म्हणून सांगितलं जात होतं तीच रडतेय हे ध्यानात येऊन मधेच हसली, आणि पुन्हा रडली.

पोवारांनी टोपी काढून हातात घेतली. “माळकर बाई, मला लेकी आहेत. मला काय वाटतंय ते मी सांगत बसत नाही. पण हा नंबर घरात ठोकला हे आता तुमच्या वडिलांच्याच तोंडून सिद्ध झालं. मी काय करू?”

“अजून एक थर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. त्या शकूशेजारी जमिनीवर येऊन बसल्या, पांढऱ्या कोटाची पर्वा न करता. “खाली मूळ नंबराचा ताण असणार. तो वाचला की कळेल खाली कुठली गाडी आहे. पण नीट ऐका. आत्ता गाडीची ओळख फक्त ‘असिद्ध’ आहे. गाडी जाईल, वडिलांवर डाग लागणार नाही, आणि हा आवाज मी तुम्हाला देईन. खालचा नंबर वेगळा निघाला तर मात्र चोरी सिद्ध होईल, आणि ती त्यांच्या नावावर कायमची चढेल. वाचू का, हे तुम्हीच सांगा.”

शकूनं पदरानं नाक पुसलं. डोळ्यांसमोर तो चौकोनी ठोकळा आला, आणि त्यावर कुणीतरी ‘चोर’ लिहिलेलं. आवाज तर हातात आला होता. तेवढा घेऊन घरी जावं? आयुष्यभर ऐकत बसावं? मग दर वेळी ऐकताना मनात एक बारीक शंका यायची, ती कुठं ठेवायची?

“वाचा,” ती म्हणाली. “चोरीचं काम करणारा माणूस पोरगी रडतीय म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलंल होय? गुपचूप उरकंल की. वाचा तुम्ही, मॅडम.”

दुसरं वाचन सावकाश झालं. ऊब खोल न्यावी लागली. यावेळी कर्ण्यातून कारखान्याचा दणदणाट आला. अवजड यंत्रानं सगळा नंबर एका दाबात मारलेला. पडद्यावर खालचा ताण धूसर उमटला, डावीकडून एकेक. शकूला तो नंबर पाठ होता. ती ओठांत म्हणत गेली. पहिली तीन अक्षरं तीच. वर्ष तेच. कारखाना तोच. शेवटचे सहा आकडे येताना पोवारही तिच्याबरोबर पुटपुटायला लागले.

शेवटचा आकडाही तोच होता.

“अरे तिच्या!” पोवारांच्या तोंडून निघून गेलं. “तोच नंबर? मग घासला कशाला?”

डॉक्टरांनी पडदा मोठा केला. “हे खड्डे बघा. आम्लानं खाल्लंय. वर बॅटरी आहे, ती गळली असणार. आकडे झडले, आणि तपासणी जवळ आली असणार. रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन नंबर पुन्हा मारून घ्यायचा असतो.”

“आणि आबा ते कशाला करत्यात!” शकू आता उठून उभी राहिली होती. “रोज लोकांच्या गाड्यांवर नंबर मारायचे, आणि स्वतःच्या गाडीला अर्ज करून दुसऱ्याकडं जायचं? शिंपी कधी आपलं बटण दुसरीकडं लावून घेतंय का ओ?”

“चुकलेच ते,” पोवार म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. “परवानगी नव्हती, एवढी नोंद होईल. चोरी नाही. गाडी तुमचीच.”

शकूनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून इतका हलवला की टोपी खाली पडली.

एकच काम उरलं होतं. वाचून कोऱ्या झालेल्या नंबराशेजारी तोच नंबर प्रयोगशाळेच्या हातानं पुन्हा ठोकायचा, तोही मालकासमोर आणि संपूर्ण शांततेत. डॉ. सरनोबतांनी पंचाची पेटी उघडली, ‘एम’चा पंच पत्र्यावर टेकवला आणि हातोडा उचलला. शकूनं शहाण्या मुलीसारखा तोंडावर हात ठेवला.

हातोडा तसाच हवेत राहिला.

“माळकर बाई,” डॉक्टर मान न वळवता म्हणाल्या, “या खोलीत ठोकताना मी आजवर कुणाला चकार शब्द बोलू दिलेला नाही. आज माझा हा नियम मीच मोडतेय. पोवार, तुम्ही काही ऐकलेलं नाही.”

“मला कमीच ऐकू येतं, मॅडम.”

“ठोका बसला की पळभर लोखंड ऐकतं. तुमच्या आबांच्या आकड्यांना अगदी लागून ठोकतेय. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा.”

शकूनं हात खाली घेतला. सांगायचं केवढं होतं! आई शेवटपर्यंत तुमचीच आठवण काढत होती. स्कूल चांगलं चाललंय. निम्म्या कोल्हापूरच्या बायका तुमच्या गाडीवर शिकल्या. तुम्ही ‘आलोच’ म्हणालात, आणि बघा, आलात. तिनं मनात वाक्य जुळवलं, सतरा ठोक्यांत बसेल असं नीट बेतलं.

“तयार?” डॉक्टरांनी विचारलं, आणि हातोडा खाली आला.

“आबा,” शकू म्हणाली.

ही हाक तिनं जन्मात कधी कुणाला मारलेली नव्हती. दुसरा पंच लागला, हातोडा पडला, आणि जुळवलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक, तिच्या तोंडून पुन्हा तेच आलं. डॉक्टर थांबल्या नाहीत. एकेक पंच लावत राहिल्या, ठोकत राहिल्या, आणि सतराव्या ठोक्यापर्यंत शकू आबांना हाका मारत राहिली.