ती वाळूवर का आली

डॉल्फिनच्या पिल्लाच्या शेपटीला निळं जाळं गुंडाळलेलं होतं. जाळ्याला अटकेतल्या अंकुश या तरुण मच्छीमारानं ओळखीसाठी बांधलेली लाल चिंधी होती. वनाधिकारी धर्मेंद्रच्या लेखी प्रकरण तिथंच संपलं होतं.

"सही करा, मॅडम. उद्या तिकडे कोकणात कोर्टात अहवाल द्यायचाय. पोरगा पाच-सात वर्षं आत जाईल, पण पुरावा स्पष्ट आहे."

डॉ. मेघा गजभियेनं हातमोजे काढलेच नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर एकाच जागी दोन डॉल्फिन मेलेले सापडले होते, आई आणि पिल्लू. मासळीच्या एकाच ट्रकमधून, बर्फात घालून, दोघांना तपासणीसाठी नागपूरच्या या वन्यजीव प्रयोगशाळेत आणलं होतं.

"आईच्या अंगावर ओरखडाही नाही," ती म्हणाली. "पोट भरलेलं, फुप्फुसं स्वच्छ. धडधाकट जनावर वाळूवर येऊन का मरतं?"

"जनावराचं काय सांगावं? यंदा तिकडे असे पुष्कळ लागलेत किनाऱ्याला."

असलं उत्तर ऐकलं की मेघाचं डोकंच फिरायचं.

दाराशी अंकुशची आई बसून होती. कुसुमताई, सावनेरकडच्या, मासेमारी करणाऱ्या धीवरांच्या घरातल्या. गावचा तलाव ठेकेदाराकडे गेला, तसा पोरगा समुद्रावर कामाला गेला होता. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"माह्या पोरानं हे केलं नसन, बाई. तो तं फोनवर रडून राहिला होता. म्हणे, मोठ्या बोटीवाले दिवे लावून जाळं टाकतात, त्यात हे जीव मरतात. म्हणून तं त्यानं तक्रार देल्ली."

"कोणाविरुद्ध?"

कुसुमताईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथं ट्रकबरोबर आलेला रघुवीर तांडेल बसला होता. मोठ्या बोटीचा मालक, ट्रकचाही मालक, आणि खटल्यातला एकमेव साक्षीदार.

मेघानं शेपटीवरचं जाळं कापलं. खाली दाबाच्या खुणा होत्या, पण रक्त कुठंच साकळलेलं नव्हतं. मग तिनं पिल्लाची श्वासनळी उभी चिरली. आत, पार फुप्फुसापर्यंत, पिवळट ओले कण चिकटले होते. ते तिनं बोटांत चोळून पाहिले. लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनच्या शेजारी तिचं बालपण गेलं होतं.

"तांडेल, पिल्लू कुठं सापडलं?"

"वाळूवर. मेलेलंच."

"तुमच्या बोटीवर नेलं होतं?"

"छे. वाळूवरून थेट ट्रकात."

"अंकुश होडीत बर्फ नेतो?"

"त्याची होडी ती केवढी. पहाटे जाते, सकाळी परत येते. बर्फ कशाला लागतो?"

"मग याच्या श्वासनळीत लाकडाचा भुसा कुठून आला?"

तांडेल हसला. "बर्फाच्या लाद्यांवर आम्ही भुसाच टाकतो, मॅडम. ट्रकात गेला असेल."

"आईही त्याच ट्रकातून आली. तिची फुप्फुसं स्वच्छ आहेत. मेलेलं श्वास घेत नाही, तांडेल. हा भुसा पिल्लानं जिवंतपणी ओढलाय."

तांडेलचं हसू गेलं.

"तुमच्या जाळ्यात ते जिवंत सापडलं," मेघा म्हणाली. "सोडलं असतं तर जगलं असतं. पण तक्रार करणाऱ्याला अडकवायची आयती संधी होती. तुम्ही ते बोटीच्या खणात बर्फावर टाकलंत. तिथं ते भुशात गुदमरलं. मग अंकुशच्या जाळ्याचा तुकडा आणून शेपटीला बांधलात. मेल्यावर बांधलात, म्हणून रक्त साकळलं नाही."

"आणि आई?" धर्मेंद्रनं हळूच विचारलं.

"ते यांनाच विचारा. खणातून पिल्लू ओरडत होतं ना?"



"शिट्टीसारखा आवाज येत होता," तांडेल जमिनीकडे पाहत म्हणाला. "ती बोटीच्या मागेच होती. बांबूनं हाकलली, तरी हटेना. आम्ही बोट उथळ पाण्यात आणली. आवाज कधीच थांबला होता, पण ती घिरट्या घालत राहिली. मग ओहोटी लागली."

धर्मेंद्रनं सहीचा कागद फाडला आणि पोलिसांना फोन लावला.

"कुसुमताई, अंकुश सुटेल," मेघा म्हणाली.

कुसुमताई उठल्या, पण आल्या त्या टेबलाशी. पिल्लाच्या ओल्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

"याले तिच्याजोळ ठेवा, बाई. मंग मी निघते. मलेबी माह्या पोराकडं जायचं आहे."

मेघानं पिल्लू उचललं आणि आईच्या कुशीशी ठेवलं. तेव्हा कुठं कुसुमताईंनी पाणी मागितलं.