न मागता आलेलं

माझ्या मागच्या खोलीत उतरणारे पाहुणे दोन दिवसांसाठी येतात. पूल, चर्च, मनोरे त्यांना फोनवर सापडतात. खायचं-प्यायचं कुठं, हे मात्र ते मलाच विचारतात.

म्हणून प्रत्येकाला मी एक चिठ्ठी लिहून देते. निळ्या शाईनं, चार ओळी. सकाळी चौकात अर्मिंदाकडे भाजलेला पाव आणि लहान कपातली कडक कॉफी. लोणी दोन्ही बाजूंना लावायला सांगायचं. दुपारी जुन्या जकातघरामागे वजडी आणि पांढरा घेवडा, पण फक्त गुरुवारी. इतर दिवशी तिथं तारली खायची. पोर्ट वाइन प्यायला नदीपलीकडे रांगेत उभं राहायचं नाही, चढावरच्या फिर्मिनूकडे बसायचं. तो अर्धा पेला ओततो आणि अर्धा तास बोलतो. रात्री अल्बर्टिनाच्या जावयाकडे सूप.

आणि कागदाच्या मागच्या बाजूला, अधोरेखित: ‘टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज न मागता येईल. नको असेल तर हात लावू नका, “परत न्या” म्हणा. हात लावलात की ते तुमचं.’

आमच्याकडच्या पोरांना हे बोलायच्या आधी कळतं. परके लोक मात्र पाहुणचार समजून खातात.

मिरागाया या जुन्या वस्तीतल्या नदीकाठच्या गल्लीतच माझा जन्म झाला. मधली बावीस वर्षं फ्रान्समध्ये लियाँला एका खानावळीत भांडी घासली, नंतर तिथंच स्वयंपाक केला. त्यामुळे फ्रेंच येतं, आणि पाहुणेही बहुतेक फ्रान्स-बेल्जियमचे असतात. बेल्मिरू, माझा नवरा, गेल्यावर भावाची मुलगी ओतीलिया खोलीचं सगळं बघायला लागली. फोनवरून नोंदणी तीच घेते. पोर चांगली आहे. पण या हिवाळ्यात तिच्या डोक्यात शिरलं की आत्याला विसर पडायला लागला.

कारण दोनच. एकदा गॅस चालू राहिला. आणि दोनदा मी तिला सेलेस्त अशी हाक मारली.

सेलेस्त माझी मोठी बहीण. ती जाऊन साठच्या वर वर्षं झाली.

“शहराबाहेर एक छान जागा आहे, आत्या,” ओतीलिया म्हणाली. “बाग आहे, नर्स आहे. चौदा तारखेला डॉक्टर तपासतील, मग ठरवू.”

“बागेत मी काय करू? कोबी लावू?”

“थट्टा नको. तू इथं एकटी आणि या पायऱ्या!”

मी एकोणऐंशीची आहे, आणि या पायऱ्या चालायला लागल्यापासून चढते आहे. पण घर भावाच्या नावावर होतं आणि आता ते तिच्या नावावर आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बेल्जियममधल्या लिएजचं एक जोडपं आलं. निघताना त्या बाईनं माझे दोन्ही हात धरले.

“मादाम, तुमची पाचवी जागा! तशी चव आम्ही कुठंच घेतली नाही.”

“चारच जागा आहेत,” मी म्हणाले.

“ती हो, पायऱ्यांखालची. हिरवं दार, दोनच टेबलं. संत्र्याच्या सालीत मुरवलेले काळे ऑलिव्ह.” तिचा नवरा हसला. “ही वाटीभर खाऊन बसली. तुम्ही नको म्हणून लिहिलं होतं, तरी.”

मी दाराची कडी धरून उभी राहिले. संत्र्याची साल, लसूण आणि जंगली ओवा घालून ऑलिव्ह मुरवणारी एकच बाई या उतारावर होती, झुल्मिरा. तिची खानावळ बासष्टच्या जानेवारीत पुरात गेली. नंतर ते दार दगडांनी बुजवलं.

मी समोरच्या खिडकीकडे बघून हाक मारली. अल्बर्टिना नेहमीप्रमाणे तिथंच होती.

“अगं, झुल्मिराचं दार कुणी उघडलंय का?”

“उघडेल कसं? तिथं भिंत आहे. माझ्या कपड्यांच्या तारेचा खिळा त्याच भिंतीत ठोकलाय.” मग ती पुढं वाकली. “ते सोड. माझ्या जावयाकडे या आठवड्यात एकच पाहुणा आला. लोकांना उपाशी मारतेस काय?”

“जावयाला सुपात मीठ घालायला सांग, मग पाठवते.”

ती हसली. मी हसले नाही.

पुढचे पाहुणे गेल्यावर त्यांची चिठ्ठी खोलीत सापडली. माझ्या चार ओळी निळ्या होत्या. त्यांच्याखाली पाचवी, जांभळी ओळ होती: ‘पायऱ्यांखाली, हिरवं दार. झुल्मिराकडे.’ कागद वरून कोरडा होता. खालचा कोपरा ओला होता, आणि त्याला नदीच्या गाळाचा वास येत होता.

ओतीलियानं तो खिडकीशी धरला. “हे तुझंच अक्षर आहे.”

“माझ्याकडे जांभळी पेन्सिल नाही.”

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “तसं बरेच लोक म्हणतात. डॉक्टरांना हे दाखवू या.”

तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ती घडी मला फार व्यवस्थित वाटली. माझं अक्षर तिला ठाऊक होतं, पाहुण्यांच्या खोलीची किल्ली तिच्याकडे होती, आणि घर रिकामं झालं तर एका खोलीऐवजी तीन खोल्या भाड्यानं जाणार होत्या. त्या रात्री मी तिच्याविषयी असा काही विचार केला की सकाळी तिच्या तोंडाकडे बघवेना.

पण झुल्मिराचं नाव तिला कुठून कळलं असेल? घरात ते नाव कुणी घेत नसे. आणि ती जांभळी पेन्सिल सेलेस्तची होती. जिभेवर ओली करून लिहायची सवय होती तिला. जीभ कायम जांभळी. आम्हा दोघींना एकाच बाईंनी हात धरून अक्षरं गिरवायला लावली होती, त्यामुळे आमच्या वह्या आईलाही ओळखता येत नसत.

मी ठरवलं, परीक्षा घ्यायची. पुढची पाहुणी एकटीच होती: मादाम ह्युगेत, टपाल खात्यातून निवृत्त झालेली, गुडघेदुखीनं त्रस्त, बडबडी. या वेळची चिठ्ठी मी ओतीलियालाच लिहायला लावली. तिच्या अक्षरात, तिच्या काळ्या पेननं. तिच्यासमोर ती मी ह्युगेतबाईंच्या पर्समध्ये घातली.

“आता ठीक?” ओतीलिया म्हणाली. “आता तरी शांत झोपशील?”

“तूही झोप.”

दुसऱ्या दिवशी ह्युगेतबाई चार वाजता परत येऊन सामान घेणार होत्या. साडेपाचला त्यांची गाडी होती. साडेचार झाले. त्यांची बॅग दाराशी तशीच होती. ओतीलिया कामावर होती, फोन उचलत नव्हती. मी स्वयंपाकाचा एप्रन न काढताच पायऱ्या उतरले.

नदीवरून धुकं वर आलं होतं. दुपार असूनही पायऱ्यांवरचा दिवा लागला होता. तळाशी अल्बर्टिनाच्या चादरी जमिनीवर पडल्या होत्या. तार सैल लोंबत होती. तिच्या दुसऱ्या टोकाला, जिथं खिळा असायचा, तिथं हिरवं दार होतं.

ते उघडं होतं.

आत दोन टेबलं. एकाशी ह्युगेतबाई बसल्या होत्या, गाल लाल, पुढ्यात सुपाचं रिकामं वाडगं.

“आलात! बघा, मला वेळेचं भानच राहिलं नाही. किती प्रेमानं वाढतात इथं!”

“कोण वाढतं?”

“त्या दोघी,” त्या म्हणाल्या आणि आतल्या पडद्याकडे बघितलं.

पडद्यामागून पाण्याचा आवाज येत होता. नळाचा नव्हे. घोट्याएवढ्या पाण्यातून कुणी चालल्याचा.

“उठा,” मी म्हणाले. “गाडी चुकेल.”

“माझी चिठ्ठी तिथं राहिली.”

चिठ्ठी दुसऱ्या टेबलावर होती. ते टेबल मांडलेलं होतं. मक्याच्या पावाचे दोन तुकडे, संत्र्याच्या सालीतले काळे ऑलिव्ह, आणि पावाच्या बशीच्या कडेखाली चिठ्ठी. काळ्या ओळींखाली जांभळी ओळ मला उभ्या जागेवरून दिसत होती. ती ओतीलियाला दाखवली असती, तर माझं घर राहिलं असतं.

घ्यायची तर बशी उचलावी लागणार होती.

बासष्टच्या त्या दुपारीही असंच टेबल होतं. पाणी धक्क्यावर आलं होतं. आईनं मला सेलेस्तला बोलवायला पाठवलं. ती इथं बसली होती, कुणाची तरी वाट बघत. “एक ऑलिव्ह खा,” ती म्हणाली, “आणि आईला सांग, सापडली नाही.” मी ऑलिव्ह खाल्ला नाही. पण आईला मात्र तेच सांगितलं. अंधार पडेपर्यंत पाणी या दाराच्या चौकटीपर्यंत चढलं. आई मरेपर्यंत मी तेच सांगत राहिले.

मी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

“परत न्या,” मी म्हणाले.

पडद्यामागचं पाणी थांबलं.

ह्युगेतबाईंना मी कोपरानं ढकलतच बाहेर काढलं. मागं बघितलं नाही.

त्यांना गाडी मिळाली. आठवड्यानं त्यांचं कार्डही आलं. प्रकृती उत्तम, गुडघाही दुखत नाही, फक्त सारखी तहान लागते, असं लिहिलं होतं.

दुसऱ्या सकाळी अल्बर्टिना खिडकीतून ओरडत होती. “माझ्या तारेचा खिळा कुणी उपटला? नवाच्या नवा खिळा!” मी खाली जाऊन बघितलं. भिंत होती तशीच होती, शेवाळलेली. खिळा नव्हता. खिळ्याचं भोकही नव्हतं.

ओतीलियाला मी यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चौदा तारखेचीसुद्धा वाट तिनं बघितली नसती. परीक्षेचं काय झालं, असं तिनं विचारलं. पाहुणी चिठ्ठी घेऊन गेली, मी म्हणाले. तिनं मान हलवली, आणि तिचं ते मान हलवणं मला आवडलं नाही.

चौदा तारखेला डॉक्टरांनी मला तारीख, वार, महिना विचारला. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मी ते उलट्या क्रमानंही सांगितले. मग त्यांनी ओतीलियानं दिलेला तो ओला-वाळका कागद बघितला आणि बाजूला ठेवला.

“बाई, यांना माझ्यापेक्षा जास्त आठवतं. घरी घेऊन जा.”

घरी येताना ओतीलिया रडली. “माफ कर, आत्या. मला भीती वाटते गं. बाबांचंही असंच सुरू झालं होतं.”

तिचा हात मी हातात घेतला. तिच्यावर नको ते आळ घेतले म्हणून मनातल्या मनात कानही पकडले.

“पण एक शब्द दे,” ती म्हणाली. “यापुढं तू काही केलंस आणि तुला ते आठवलं नाही, असं एकदा जरी झालं, तर भांडण नाही, रडारड नाही. माझ्याबरोबर त्या बागेत यायचं.”

“दिला.”

त्या रात्री ती माझ्याकडेच राहिली. सकाळी मला उशिरा जाग आली. स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता. ओतीलिया पाठमोरी उभी होती, केस अजून मोकळे.

टेबलावर मक्याच्या पावाचे दोन तुकडे होते. शेजारी एका जुन्या बशीत काळे ऑलिव्ह. संत्र्याची साल, लसूण, जंगली ओवा. बशीखाली टेबलावर पाण्याचं गोल वळं उमटलं होतं. ती बशी आमच्या घरातली नव्हती.

मी दारातच थांबले.

ओतीलियाला ऑलिव्ह कधीच आवडत नसत. लहानपणी ती थुंकून टाकायची. ती वळली. तिच्या गालात काहीतरी होतं. तिनं बी काढून बशीच्या कडेला ठेवली.

“काय झालेत गं, आत्या! हे तू केव्हा केलेस?”

माझ्या तोंडाशी तेच दोन शब्द आले होते. खिडकीबाहेर अल्बर्टिना नवी तार ताणत होती. उन्हात माझ्या पायऱ्या, माझी गल्ली, माझा नदीचा तुकडा दिसत होता.

ओतीलिया माझ्याकडे बघत होती. जरा जास्तच निरखून.

“काल,” मी म्हणाले. “तू झोपल्यावर.”

तिचा चेहरा सैल झाला. तिनं दुसऱ्या ऑलिव्हकडे हात नेला. मी माझे दोन्ही हात खिशात घातले.

“तू नाही घेत?” असं म्हणून ती हसली, आणि मला दिसलं, तिच्या जिभेचं टोक जांभळं झालं होतं.