अर्थिंगची तार

कानमास्तरांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर एकदम आला नाही, हप्त्याहप्त्याने आला. आधी तबकडी फिरवणारं खोकं आलं, भंगारवाल्याकडून. त्याला झाकण नव्हतं आणि आतला रबरी पट्टा वाळून कडक झाला होता. मग हॉस्पिटलच्या सभागृहातून मोडीत निघालेला अँप्लिफायर आला. स्पीकर दोन मिळाले, पण दोन वेगवेगळ्या घरांतले. एक उंच, एक बुटका, आणि बुटक्याला कायमची सर्दी. शेजारी शेजारी ठेवल्यावर ते बळजबरीने लग्न लावून दिलेल्या जोडप्यासारखे दिसत. कानमास्तरांनी तोंड वाकडं केलं नाही. खिसा पाहून हौस करायची म्हटल्यावर नखरे चालत नाहीत.

नवी कोरी वस्तू त्यांनी एकच घेतली, ती म्हणजे पिन. बोथट पिन तबकडीची रेघ खरवडते, आणि जी तबकडी वाजवायची होती ती जगात एकच उरली होती.

तिच्यावर बायकोच्या धाकट्या बहिणीने गायलेलं एक गाणं होतं. गाण्याच्या क्लासने हौसेने काढलेल्या पन्नास प्रतींपैकी ही शेवटची. धाकटी बाविसाव्या वर्षी तापाने गेली, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून तबकडी चादरींच्या घडीत पडून होती. बायकोने ती कधी बाहेर काढली नव्हती. काढली ती यंदा, स्वतःचे कान जायला लागले तेव्हा.

‘कानमास्तर’ हे नाव हॉस्पिटलनेच पाडलेलं. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन चढवायचा आणि काचेपलीकडून एकेक सूर सोडायचा, हे त्यांचं काम. दिवसातून वीसदा ते एकच वाक्य म्हणत, “आवाज आला की बोट वर. नाही आला तर नाही. मला खूश करायला करू नका.” गेल्या वर्षापासून दर महिन्याला त्या खुर्चीत त्यांची बायको बसत होती, आणि कागदावरची रेघ दर महिन्याला खाली घसरत होती. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने ऐकू येईल, फार तर.

“एकदा तिचा आवाज ऐकू दे,” बायको म्हणाली होती, “मग काय व्हायचं ते होऊ दे.”

म्हणून हा सगळा खटाटोप. पिनेचा दाब दोन ग्रॅम हवा, तो त्यांनी हॉस्पिटलच्या औषधांच्या काट्यावर तोलून घेतला. खोकं सपाट बसलंय का हे पाहायला औषधाची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली. वाळक्या रबरी पट्ट्याच्या जागी दुसरा, जुनाच पण लवचिक पट्टा घातला. सगळं मनासारखं झाल्यावर बटण दाबलं, आणि दोन्ही स्पीकरांतून जाड, सलग घरघर सुरू झाली. त्या घरघरीत धाकटीचा आवाज पार बुडाला. बायकोचं बोट एकदाही वर गेलं नाही.

कोपऱ्यावरच्या रेडिओदुरुस्तीवाल्याने खोकं उलटंपालटं करून पाहिलं. “अर्थिंगची तार मुळातून छाटलीय कुणीतरी. आता गंमत बघा, साहेब.” त्याने खोक्याच्या पोलादी पट्टीवर तळहात टेकवला. घरघर थांबली. हात उचलला, पुन्हा सुरू. “माणूसच अर्थिंग होतो. फुकटात.”

“म्हणजे मी काय जन्मभर इथे हात ठेवून बसू?”

“एक गाणं होईपर्यंत बसा की. वहिनींसाठी एवढंही नाही करणार?”

तर कानमास्तर बसले. गुडघे टेकून, तळहात पट्टीवर, तीन मिनिटं वीस सेकंद. गुडघ्यांनी शंख केला, पण त्यांनी हात हलू दिला नाही. धाकटीचा आवाज कोवळा होता, वरच्या सुरावर किंचित कापणारा. खिडकीजवळच्या खुर्चीत बायको डोळे मिटून बसली होती. प्रत्येक ओळ सुरू झाली की तिचं बोट आपोआप वर जात होतं, आवाजबंद खोलीतल्या खुर्चीत जायचं तसं. कानमास्तरांना हुंदका आवरेना.

“श्वाससुद्धा ऐकू आला हो,” ती म्हणाली. मग ओल्या डोळ्यांनी हसली. “तुम्हाला असं बसलेलं बघून तीच आठवली. रेडिओ असाच ऐकायची, वर हात ठेवून. म्हणायची, कानांपेक्षा हाताला जास्त कळतं.”

पुढच्या रविवारी दुपारी कानमास्तर स्वयंपाकघरात भांडी घासत होते. बायकोला धीर धरवला नाही, तिने स्वतःच पिन ठेवली. घरघर सुरू झाली. “आलो, आलो,” म्हणत त्यांनी नळ बंद केला, आणि तेवढ्यात घरघर थांबली. धाकटीचा आवाज स्वच्छ यायला लागला. हिने हात ठेवला असेल, म्हणत ते बाहेर आले.

बायको खिडकीजवळ होती, खोक्यापासून सहा पावलांवर. डोळे मिटलेले, एक हात मांडीवर, दुसऱ्याचं बोट वर.

त्यांनी खोक्याकडे दोन पावलं टाकली. लगेच घरघर परत आली.

बायकोने डोळे उघडले. “हात का काढलात?”

कानमास्तरांच्या हातांवरून अजून साबणाचं पाणी ठिबकत होतं.

ते भुताखेतांवर विश्वास ठेवणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी प्लग उलटा करून पाहिला. तारा एकेक करून हलवल्या. शेजारणीला विनंती करून तिचा फ्रिज पाच मिनिटं बंद ठेवायला लावला. ती म्हणाली, “काका, माझं दूध नासलं तर तुमच्या नावावर.” घरघर मात्र आपली होती तशी, कुणाचं ऐकायला तयार नाही. शेवटी त्यांनी हा विषयच मिटवायचं ठरवलं. तांब्याची लांब तार आणली. एक टोक खोक्याच्या स्क्रूखाली घट्ट आवळलं, भिंतीच्या कडेकडेने तार स्वयंपाकघरात नेली आणि दुसरं टोक सिंकमागे, करड्या रंगाच्या पाण्याच्या पाइपला पकडीने बांधलं. बटण दाबलं.

घरघर नव्हती.

त्यांनी कान स्पीकरला लावून पाहिलं, तरीही नव्हती. आवाज थांबला म्हणजे जोडणी बरोबर, एवढंच त्यांना पुरे होतं. जन्मभर त्यांनी ऐकू येणं आणि न येणं यावरच भरवसा ठेवला होता. त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

त्यानंतर रोज संध्याकाळी गाणं लागू लागलं. आणि त्याच महिन्यात, काचेपलीकडच्या खुर्चीत, बायकोचं बोट एकाही सुराला वर गेलं नाही. कानमास्तरांनी आवाज वाढवत नेला. शेवटचा सूर इतका मोठा होता की त्यांना तो काचेतून दातांत जाणवला. ती शांतपणे भिंतीकडे बघत राहिली. त्यांनी कागद भरला, खाली सही केली आणि बराच वेळ पेनाला टोपण लावायचं विसरले.

घरी परतताना ती रस्त्यात मोठ्याने म्हणाली, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, “तुमचा आवाज गेला हो. पण तिचा येतो.”

ही आठवण आहे, कानमास्तरांनी स्वतःला समजावलं. गाणं पाठ आहे, मेंदू ते वाजवतो. हे त्यांनी पेशंटच्या किती नातेवाइकांना सांगितलं असेल. त्या संध्याकाळी ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. गाणं संपलं. पिन शेवटच्या रेघेत फिरत राहिली, टक्, टक्. बायकोचं बोट वर गेलं, खाली आलं. थोडं थांबून पुन्हा वर गेलं. मग ती मान हलवून हसली.

“अगं,” त्यांनी हाक मारली. मग मोठ्याने, “अगं ए!” तिने वळूनही पाहिलं नाही. आपलीच बायको, हाताच्या अंतरावर, आणि आपण तिच्यासाठी नसल्यासारखे.

तीन आठवडे झाले आणि सिंक गळायला लागलं. शनिवारी दुपारी नळदुरुस्तीवाला आला, ओट्याखाली निम्मा शिरला. बाहेरच्या खोलीत बायकोने गाणं लावलं होतं.

“ही तार कसली बांधलीय?” आतून आवाज आला.

“अर्थिंग आहे. सोडू नका ती.”

“अर्थिंग? ह्याला?” तो खो खो हसला आणि स्क्रूड्रायव्हरने पाइप खरवडला. करड्या रंगाचा पापुद्रा निघाला, खाली पांढरं प्लास्टिक होतं. “आधीच्या मालकाने सगळे पाइप बदलून वरून रंग फासलाय. कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधली असती तरी तेवढंच.”

नळवाल्याने हात पुसत कान टवकारले. “गाणं मात्र झकास लागतंय हां. जरा म्हणून घरघर नाही.”

तो गेला. कानमास्तरांनी दार लावून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत आले. बायको त्यांच्याकडे पाठ करून खिडकीजवळ बसली होती. धाकटी गात होती.

त्यांनी खोक्यामागचा स्क्रू सैल केला. तार निघून जमिनीवर पडली.

आवाज तसाच स्वच्छ राहिला.

पोलादी पट्टीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. पट्टीवर काहीच नव्हतं. कानमास्तर त्या रिकाम्या पट्टीकडे बघत राहिले. मग अगदी हळू, स्वतःलाही जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाले,

“हात काढ.”

घरघर सुरू झाली.

बायको गर्रकन वळली. कित्येक दिवसांत तिने त्यांचा एक शब्द ऐकला नव्हता.

“का उठवलंत तिला?”

त्यांनी धावत जाऊन पट्टीवर तळहात दाबला. घरघर थांबली, गाणं पुन्हा स्वच्छ झालं. पण बायकोने मान हलवली. तिने आपल्या दोन्ही कानांवर हात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले.

“काहीच येत नाही हो. काहीच नाही.”

तिचा चेहरा त्यांना बघवेना. गाणं संपलं. त्यांनी डाव्या हाताने पिन उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. गुडघे टेकले. गाणं वाजलं. तिचं बोट मांडीवरच राहिलं. त्यांनी पुन्हा पिन उचलली. आता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

“चुकलं माझं,” कानमास्तर म्हणाले. बायकोला नव्हे. “ये. बस तू.”

पहिली ओळ गेली. दुसरी गेली.

मग त्यांच्या हाताच्या पाठीवर गार लागलं. आधी टोकं, मग बोटं, मग पूर्ण तळवा. त्यांच्या हातापेक्षा लहान, हलका. दाब दोन ग्रॅमचाही नसेल. त्यांच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला, हात हिसकून घ्यावा असं वाटलं.

खिडकीजवळ बायकोचं बोट वर गेलं.

कानमास्तरांनी आपला हात हळूच कडेला सरकवला, बाकावर कुणाला जागा करून द्यावी तसा. मग उचलून घेतला.

घरघर आली नाही.