बोगद्यातला उशीर

जुन्या कोठीचं निखळलेलं दार कापून घ्यायला ती सुताराकडे गेली, तिथून ही गोष्ट सुरू होते. दार चांगलं लांबरुंद होतं, पण आईच्या खोलीत पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा.

सुताराने कानामागची पेन्सिल काढत विचारलं, "ताई, एवढ्याशा फळीवर मांडणार काय?"

"रेल्वे स्टेशन," ती म्हणाली.

सुताराने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग करवत उचलली.

ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि ती घराच्या पुढच्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवायची. मागच्या खोलीत आई. आईने आयुष्यभर एका मोठ्या स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. गाडीला उशीर झाला की लोक वैतागतात, पण त्या आवाजाने सांगितलं की वैतागसुद्धा निम्मा व्हायचा, असं जुने प्रवासी म्हणत. नेमकी त्याच बाईची वाचा अर्धांगवायूने नेली. उजवं अंग लुळं पडलं. डाव्या हाताचं बोट तेवढं चाले. पलंगाच्या कडेवर एकदा टक् म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पुढेपुढे आई तेही करेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडायची. घास पुढे केला की ओठ मिटून घ्यायची.

"त्यांच्या डोळ्यांना काहीतरी हलतं द्या," डॉक्टर म्हणाले होते.

म्हणून तिने खेळण्यांच्या दुकानातून एक बोटभर इंजिन, दोन डबे आणि थोडे रूळ आणले. जमिनीवर गोल मांडून गाडी सोडली, आणि कित्येक दिवसांनी आईची मान वळली. त्या दुपारी आईने वाटी रिकामी केली. मग काय, लेकीला दुसरं काही सुचेना. तिने ठरवलं, आईच्या डोळ्यांसमोर आईचं स्टेशन उभं करायचं.

दिवसभर आईजवळ असणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, तुम्ही इथे गाव वसवा. मी काय खिडकीतून उडत जाऊ?"

"थोडं पोट आत घेऊन जा, मावशी."

"पोट आत गेलं असतं तर मी इथे असते होय?"

आईच्या डोळ्यांच्या कडा किंचित आक्रसल्या. ती हसली होती.

कवळ्यांचं सामान कामाला आलं. दात वाकडे असलेल्या मुलांना बसवतात त्या तारेचे दिव्याचे खांब झाले. दातांच्या एक्स-रेच्या फिल्मचे तुकडे स्टेशनच्या खिडक्यांत बसले. वाळू चाळून, पातळ डिंक सोडून रुळांखालची खडी झाली, आणि गुलाबी मेणाची इवली माणसं फलाटावर उभी राहिली. प्रत्येक गोष्ट ती आईला विचारून करायची. घड्याळ इकडे? टक् टक्. तिकडे? टक्. बाकड्याचा रंगसुद्धा आईने तीनदा बदलायला लावला. हट्टीपणा काही लुळा पडला नव्हता.

अडलं ते एकाच ठिकाणी. फळी अरुंद, त्यामुळे टोकाला रूळ फारच गरकन वळवावे लागले. ते वळण उघडं ठेवलं तर स्टेशन लगेच खेळणं वाटायचं. यावर उपाय एकच: वळणावर टेकडी घालायची आणि खालून बोगदा काढायचा.

"इथे डोंगर करते हं, आई. गाडी बोगद्यातून जाईल."

टक् टक्.

"अगं, त्याशिवाय वळण झाकणार कसं?"

टक् टक्. टक् टक्. बोट थांबेचना.

तिला वाटलं, आईला डोंगराची जागा आवडली नसेल. पण दुसरी जागा आणायची कुठून? तिने जाळीवर प्लास्टर थापलं, वर सुकलेलं शेवाळ चिकटवलं. गाडी आत घसरली तर हात घालून काढता यावी म्हणून मागच्या अंगाला भोक ठेवून त्यावर पुठ्ठ्याचं झाकण लावलं. आईने त्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पण दुसऱ्या दिवशी गाडीची घरघर ऐकताच वळली, आणि त्यानंतर तिची नजर बोगद्याच्या तोंडावरून हलली नाही.

उशीर पहिल्यांदा मावशींच्या लक्षात आला.

"ताई, ही गाडी आत चहा पिऊन येते की काय?"

टेकडी ती केवढी! वीतभर. गाडी आत शिरली की श्वास घेऊन सोडेपर्यंत दुसऱ्या तोंडातून बाहेर यायला हवी. ती येईना. घरघर आतल्या आत लांब जायची, अगदी बारीक व्हायची, बंदच पडायची... आणि मग कुठून तरी पुन्हा जवळ यायची. तिने रूळ स्पिरिटने पुसले, तारा तपासल्या, इंजिन उघडून तेल घातलं. उशीर वाढतच गेला. मग एकदा गाडी बाहेर आली ती टपावर पाण्याचे थेंब घेऊन. तिने बोट लावलं. पाणी गार होतं, आणि त्याला ओल्या दगडाचा, धुराचा वास होता. बाहेर रखरखीत ऊन पडलं होतं.

तिने मावशींना काही सांगितलं नाही. मावशींनीही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून त्या फळीच्या बाजूने जायचं टाळू लागल्या.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, मावशी औषधं आणायला गेलेल्या. ती पुढच्या खोलीत मेणात सुळा बसवत होती. मागून आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

तिचा हात थांबला. शेजारचा रेडिओ असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण तो आवाज तिच्या हाडांत मुरलेला होता. लहानपणी ती त्याच आवाजाने उठायची, त्याच आवाजाच्या कुशीत झोपायची.

"...गाडी उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

ती धावत मागे गेली. आई उशीला टेकून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले, डोळे बोगद्यावर. आवाज तिच्या तोंडून येत नव्हता. तो येत होता फळीवरच्या स्टेशनातून. स्टेशनाएवढाच लहान होता आणि स्वच्छ होता, तरुण होता. आईच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

तिला भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त वाटलं ते निराळंच. किती महिन्यांनी आईचा आवाज कानी पडला होता! ती दाराच्या चौकटीला धरून तिथेच खाली बसली आणि आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिली.

संध्याकाळी तिने तिकीटमामांना बोलावलं. ते आईच्या स्टेशनवरचे तिकीट तपासनीस. नात्याने कुणी नव्हते, पण तिला त्यांनी खांद्यावर खेळवलेलं. मामा काठी टेकत आले, आईच्या कपाळावर हात ठेवला, मग फळीकडे वळले. "अरे वा, मी पाणी प्यायचो तो नळसुद्धा!" म्हणत कौतुकाने फलाट पाहत गेले आणि टेकडीपाशी येऊन थबकले.

"हा बोगदा कुणी सांगितला तुला?"

"कुणी नाही. वळण झाकायला केला."

मामा तिला पुढच्या खोलीत घेऊन आले. दार लोटून घेतलं.

"तुझे वडील गार्ड होते आणि अपघातात गेले, एवढंच तुला ठाऊक आहे ना?"

"हो. आई त्यावर कधी बोललीच नाही."

"कशी बोलणार, पोरी? बोगद्यात दरड कोसळली. पुढचे डबे निसटले. शेवटचा, गार्डचा डबा आत राहिला... ढिगाऱ्याखाली." मामांचा आवाज खाली गेला. "आणि त्या दुपारी माइकवर तुझी आईच होती. आम्हाला धड काही कळत नव्हतं. वरून निरोप यायचा, उशीर आहे म्हणून सांगा. ती सांगत राहिली. उशीर आहे, अजून उशीर आहे. शेवटी खरी बातमी आली, तेव्हा तिच्या हातून माइक काढून घ्यायचं धाडस कुणाला होईना. त्या गाडीच्या आगमनाची घोषणा तेवढी राहिली बघ. ती कुणी केलीच नाही."

मामा गेले.  मग ती हातोडी घेऊन मागे आली.

"चुकलं माझं, आई. आत्ता फोडते हा डोंगर."

टक् टक्.

"नको फोडू?"

टक्.

"तुला... हवाय हा बोगदा?"

टक्.

खिडकीतला उजेड पिवळा होत चालला होता. तिने हातोडी खाली ठेवली. "गाडी सोडू?"

आईने लेकीकडे पाहिलं. फार दिवसांनी असं पाहिलं, लहानपणी शाळेत सोडताना फाटकापाशी पाहायची तसं. मग बोट उचललं, आणि अगदी हलकेच, टक्.

गाडी फलाटावरून निघाली, दिव्यांच्या खांबांजवळून गेली, बोगद्यात शिरली. घरघर बारीक होत गेली... आणि विझली. ती वाट पाहत राहिली. खोलीत ओल्या दगडाचा वास भरला. पुठ्ठ्याच्या झाकणाच्या फटीतून गार वारा येऊन तिच्या मनगटाला लागला.

शेवटी न राहवून तिने झाकण काढलं आणि आत हात घातला. बोटांना रूळ लागले, बर्फासारखे गार. गाडी नव्हती. तिने हात आणखी आत सारला. आता पलीकडचं प्लास्टर लागायला हवं होतं. लागलं नाही. कोपर आत गेलं. मग दंड. वीतभर टेकडीत तिचा अख्खा हात खांद्यापर्यंत गेला, तरी पुढे अंधारच होता, आणि त्या अंधारात कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

तिने हात मागे ओढायला घेतला, तेवढ्यात कुणीतरी तिचं बोट धरलं.

धरलं म्हणजे ओढलं नाही, आवळलंही नाही. रस्ता ओलांडताना मोठं माणूस पोराचं एकच बोट मुठीत घेतं, तसं. मूठ मोठी होती, खरखरीत होती, आणि ऊबदार होती. वडिलांचा चेहरा तिला आठवत नव्हता, पण त्या बोटाला ती मूठ आठवत होती. तिच्या तोंडून किंकाळीऐवजी निघालं ते एवढंच, "बाबा..."

मूठ किंचित दाबली गेली. मग सुटली.

आणि फळीवरच्या स्टेशनातून, तरुण, स्वच्छ, जरासा कापरा आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी... फलाट क्रमांक एकवर येत आहे."

तिने हात काढून घेतला. बोगद्यातून इंजिन आलं, ओलं, वाफाळलेलं. मागे पहिला डबा. दुसरा. आणि त्यामागे तिसरा, जो तिने कधी आणलाच नव्हता. लहानसा, मागच्या बाजूला सज्जा असलेला, आत दिवा लागलेला. गाडी फलाटावर आपोआप थांबली. सज्ज्याचं दार उघडलं आणि काडीएवढा उजेड मेणाच्या माणसांवर पडला.

"आई, बघ..." असं म्हणत ती वळली.

आईचे डोळे उघडे होते. चेहऱ्याची लुळी बाजू सरळ झाली होती, आणि दोन्ही ओठांवर, दोन्हीकडे सारखं, हसू होतं. बोट पलंगाच्या कडेवर स्थिर होतं.

तिने पुन्हा फळीकडे पाहिलं तेव्हा फलाटावर इंजिन आणि दोनच डबे उभे होते. कोरडे.

पुढचं सगळं रीतसर झालं. मामा आले, त्यांनी आईचा चेहरा पाहिला आणि काहीही न विचारता बाहेर जाऊन रडून आले. मावशींनी दुसरं घर धरलं, पण जाताना म्हणाल्या, "ताई, तुमच्या आईसारखं हसत जाणारं माणूस मी पाहिलं नाही." खोली रिकामी झाली. पलंग गेला. फळी मात्र तिने हलवली नाही. काम संपलं की गाडी सोडायची, चहा घेत बघत बसायची. गाडी बोगद्यात शिरायची आणि श्वास घेऊन सोडेपर्यंत शहाण्यासारखी बाहेर यायची. महिन्यामागून महिने गेले. तिला वाटलं, झालं ते झालं, ज्याचं होतं त्याला मिळालं.

मग एके दिवशी ती पुढच्या खोलीत एक कवळी घासत बसली होती. गाडी बंदच होती. मागून बारीक आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

आनंदाने ती अर्धी उठली, आणि तशीच थांबली. आवाज आईचा नव्हता. म्हाताऱ्या बाईचा होता, दमलेला, पण मायेचा. 'प्र'पाशी थोडा अडखळत होता, 'स'पाशी बारीक शीळ घालत होता. कवळी जराशी सैल बसली की माणूस असंच बोलतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने नीट कान दिला. बोलण्याची ढब, शब्दांमधलं ते थांबणं... सगळं तिचं स्वतःचं होतं.

तिने जिभेने आपले दात चाचपले. सगळे जागच्या जागी, घट्ट होते.

"...गाडी उशिराने धावत आहे," तो आवाज तिला समजावल्यासारखा म्हणाला. तिची गाडी किती उशिराने, तेही पुढे सांगत होता. पण तेव्हाच खिडकी वाऱ्याने आपटली, आणि तेवढेच शब्द तिला ऐकू आले नाहीत.