शाजियाचा पिवळा वेल

हे लिवणारच नव्हतो मी. टाईप करतो, पुसतो... भीती वाटते. चैतूनं डोस्कं खाल्लं म्हणून लिवून राह्यलो.

चामोर्शीच्या बाजारात मी आंब्या-लिंबाच्या कलमा विकतो. शिकलो मोबाईलवर पाहू पाहू. बाजूले चैतू, माहा दोस्त, बांबूच्या टोपल्या घेऊन बसते. एक दिवस एका पोरीनं माह्यासमोर तळहात धरला. वर द्राक्षाचं पान. पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या.

"काय झालं याले, डॉक्टर?"

"लोह भेटून नाई राह्यलं." मी पानाकडंच पाहात होतो. वर पाहाची हिंमत नव्हती.

"सूरजागडच्या खाणीचे ट्रक दिवसभर आमच्या दारासमोरून लोखंड नेतेत, अन् माह्या वेलाले लोह नाई?"

"जमिनीत असून काय फायदा? मुळीले उचलता आलं पाह्यजे."

"तुम्ही पानासंगच बोलता का नेहमी?"

चैतू खोकलला. मी वर पाह्यलं... अन् फसलो.

शाजिया तिचं नाव. फळवाल्या कय्यूमभाऊची पोरगी. त्याइनंच नाशिकहून वेल आणला होता. खाली जंगली द्राक्षाचा खुंट, वर गोड जातीची कलम. घर बांधतानाचा चुना अंगणभर मातीत मिसळलेला, अन् चुना लोह अडवते. पण तसल्या मातीतूनबी लोह ओढते म्हणूनच तो खुंट घेतला होता. मग वेल उपाशी काऊन?

मी त्याइच्या अंगणात जाऊन लोहाचं औषध फवारत राह्यलो. पान थोडं हिरवं होये, परत पिवळं.

"पेशंट मरून राह्यला अन् डॉक्टर बिस्कूट खाऊन राह्यले," चहा देताना ती म्हणे.

मी हसो, पण मनात दुसरंच चाले. वेल सुधरला तर या अंगणात यायचं निमित्त संपलं. मेला तरी संपलं. वरून मी बौद्ध, ती मुसलमान. सायकल लावतानाबी मागं वळून पाहो... गल्लीत कोण उभं हाय?

मग कय्यूमभाऊ म्हणले, "बेटा, या हप्त्यात नाई सुधरला तर उपटतो. शेड टाकाचा हाय इथी."

घाबरून बुडाशी बसलो. तवा दिसलं — कलमेचा जोडच मातीखाली गाडलेला!

"ही मातीची भर कोणं लावली?"

"मीनं," शाजिया म्हणली. "वांग्याले लावतो न, तशी. वेल पडू नाई म्हणून."

माती उकरली. जोडाच्या वरून वेलानं सोताच्या मुळ्या सोडल्या होत्या, बोटाएवढ्या जाड. त्याइले चुन्याच्या मातीतून लोह उचलता येत नाई. अन् खालचा खुंट कामावाचून बारीक झालेला.

"ह्या कापा लागन. पण खुंट मेला असन, तर वेल जाईन."

"त्याच्या सोताच्या मुळ्या हायेत न ह्या?" ती हळूच म्हणली. "त्या तोडून दुसऱ्याच्या भरोशावर जगाचं... भेव नाई वाटत त्याले?"

कय्यूमभाऊ दारात उभे. फांद्या छाटाची कात्री, सिकेटर, मी थैलीतून काढलं.

"मले वाटते," मी म्हटलं. "लई वाटते."

"मलेबी." तिनं वेल धरला, माह्या हाताले हात लागन इतक्या जवळ. "कापा."

कापलं.

पानं गळाली. मी तिकडं जानंच सोडलं. झोप लागे नाई. एखाद्या दिवशी वेल उपटलेला दिसन... म्हणून ती गल्लीच टाळो.

काल बाजारात ती आली. मूठ उघडली. कोवळं पान, काठापर्यंत हिरवं!

"खुंट जिता हाय," म्हणली. "आता कोणत्या बहाण्यानं येता?"

"बहाणा नाई..." मी पानाकडंच पाहात म्हटलं. "तुह्यासाठी येतो."

ती लाजली नाई, हसली नाई. पान माह्या हातात ठेवलं. "मलेबी तेच पाह्यजे. पण अब्बूले सांगताना पानाकडं पाहून बोलू नका."

ती गेल्यावर चैतू म्हणते, "तू भेकड हायेस. वेलाचं विचारशीन, चहा पिशीन अन् वापस येशीन."

म्हणून हे लिवून त्यालेच पाठवतो. चैतू, सिकेटर तुह्या टोपलीत ठेवलं हाय. उद्या रिकाम्या हातानं कय्यूमभाऊच्या दारात जातो. वेलाचं नाव काढणार नाई... तुले वचन हाय.