दुसऱ्या मजल्यापर्यंत

शनिवार. दुपारी चार वाजून दोन मिनिटं. आजींच्या कानातला लेकीचा आवाज बोलता बोलता तुटला.

हे खरंच घडलंय. माझा मावसभाऊ श्रवणयंत्रं दुरुस्त करतो. तो तेव्हा त्याच्या गिऱ्हाईक असलेल्या या आजींच्या समोरच बसला होता. त्याने सांगितलं, तेवढंच लिहितोय.

तक्रार साधी होती. लेक परगावी. संध्याकाळच्या पाळीला निघण्याआधी रोज चारला फोन करायची. आजींची यंत्रं ब्लूटूथने फोनला जोडलेली. पण दोन मिनिटं झाली की फोन सुटायचा. लेकीने शेवटी बजावलं होतं, "हे नीट झालं नाही, तर तुला इकडे घेऊन येते." आजींना घर सोडायचं नव्हतं.

"आलास का कानवाल्या?" दारात त्याला पाहून त्या हसल्या होत्या. "माझ्या कानांनी संप पुकारलाय बघ."

आता हसू नव्हतं.

त्याने आपल्या टॅबवर पाहिलं. यंत्रं फोन सोडून भलत्याच उपकरणाला जोडली गेली होती...

कॉलर माइक.

"हा कुणाचा?"

"ह्यांचा."

आजोबा तो माइक शर्टाच्या कॉलरला लावायचे. घरात कुठूनही बोलले, तरी आजींच्या कानात यायचं. दुपारी फिरून परतले की जिन्यापाशी माइक टप्प्यात यायचा आणि चेष्टा सुरू व्हायची, "कितवा मजला आला गं?" आजी तिसऱ्या मजल्यावर दार उघडून उभ्या असायच्या.

आजोबांना जाऊन आठ महिने झाले होते.

माइक कपाटात सापडला. त्याने तो उघडला. आत बॅटरीच नव्हती... फुगली म्हणून आजींनीच काढून टाकली होती.

टॅबवर मात्र 'जोडलेले' असंच दिसत होतं.

"आजी, काय ऐकू येतंय?"

"जिना चढतायत." त्या दाराकडे पाहत होत्या. "दम लागलाय त्यांना."

तो बाहेर गेला. कठड्यावरून वाकून पाहिलं.

जिना रिकामा.

"रोज दाराशी येऊन थांबतात रे. मी उघडते... कुणी नसतं."

"काढून टाकू ही जोडणी?"

आजींनी कानातल्या यंत्राला बोट लावलं.

"काढ. पोरीचं ऐकायला हवं. पण जरा थांब... आत्ता दुसऱ्या मजल्यावर आहेत. वर येऊ देत."

त्याला साडेचारला दुसऱ्या घरी पोचायचं होतं.

"एक बटण तर दाबायचंय, आजी," म्हणत त्याने ते दाबलं.

फोन लगेच जोडला गेला. लेक विचारत होती, "आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय गं," आजी म्हणाल्या.

आणि उठून त्यांनी दार उघडलं.

तेव्हापासून फोन एकदाही तुटलेला नाही. आठवड्याने आजींनी त्याला फोन केला.

"काम चोख केलंस हो. एवढंच सांग, ते वर पोचले का रे?"

तो "हो" म्हणाला.

त्याचं दुकान तळमजल्यावर आहे, आजींच्या घरापासून सात किलोमीटरवर. माइक अजून आजींच्याच कपाटात, बॅटरीविना; त्याचा टप्पा जेमतेम वीस मीटर. तरी त्या शनिवारनंतर रोज चार वाजून दोन मिनिटांनी त्याच्या टॅबवर जोडणीची विनंती येते...

त्याच माइककडून.

कालही आली. त्याने ती अजून स्वीकारलेली नाही. नाकारलेलीही नाही.