न खाल्लेली बावीस अंडी

लिफ्टवाला रक्त द्यायला आला नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायला आला होता. पण यंत्राच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता, म्हणून लिफ्टवाला तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर टेकला. आणि त्या बाकावर जो बसेल त्याचं रक्त घ्यायचं, अशी त्या संशोधन केंद्राची पद्धत होती.

पडद्याआडून एक मुलगी आली. पांढरा कोट, कानामागे खोचलेलं पेन, आणि डोळे असे की माणसानं आपणहून बाही वर करावी. त्यानं केली.

"मूठ आवळा," ती म्हणाली.

त्यानं आवळली.

"ही नाही. ज्या हातात सुई जाणार आहे त्याची."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुई कधी गेली ते त्याला कळलंच नाही, कारण तो तिच्या भुवया मोजत होता. दोन होत्या. मग तिनं एक कागद पुढे केला आणि समजावून सांगितलं, "आम्ही चारशे जणांची जनुकं तपासतोय. कुणाच्या रक्तात कोलेस्टेरॉल का साठतं, कुणाला मधुमेह का गाठतो, ते शोधायचंय. दर बुधवारी मी फोन करीन. आठवड्याभरात काय काय खाल्लंत ते विचारीन. सहा महिने."

आपण लिफ्टसाठी आलोय हे सांगायला त्यानं तोंड उघडलंही होतं. पण 'दर बुधवारी मी फोन करीन' हे वाक्य मध्ये आडवं आलं. त्यानं सही केली.

"आणि एक नियम आहे," ती म्हणाली. "अभ्यासातल्या माणसाशी अभ्यासाबाहेरचं बोलायचं नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. त्याला अजिबात बरोबर वाटलं नव्हतं.

पहिल्या बुधवारी फोन चार मिनिटांत आटोपला. लिफ्टवाला ताईकडे राहायचा आणि ताईच्या स्वयंपाकाला चव नसली तरी शिस्त होती. सूप, पावाचे दोन तुकडे, उकडलेल्या भाज्या. अंडी? नाही. लोणी? नाही. केक? नाही. तो नाही म्हणाला की ती पान उलटायची. पानं भराभर उलटली आणि फोन संपला.

लिफ्टवाल्याचं डोकं यंत्राचं. रात्रभर विचार करून त्यानं तिच्या प्रश्नांच्या तक्त्याची रचना ओळखली. 'नाही' म्हटलं की पान उलटतं. 'हो' म्हटलं की पोटप्रश्न उघडतात.

दुसऱ्या बुधवारी ती म्हणाली, "अंडी?"

"हो."

"किती?"

"दोन."

"उकडलेली की तळलेली?"

"एक-एक."

"तळलेलं कशात?"

"लोण्यात," तो म्हणाला, आणि पलीकडे लोण्याचं पान उघडल्याचा सुंदर आवाज आला.

दुसऱ्या महिन्यापर्यंत लिफ्टवाला आठवड्याला बावीस अंडी, दीड वाटी साय आणि चीजची एक अख्खी वडी खाऊ लागला होता. अर्थात फोनवर. फोन पाऊण तास चालायचा.

"कोण खातंय रे एवढी अंडी?" ताईनं एकदा स्वयंपाकघरातून विचारलं.

"कामाचं बोलतोय ताई. लिफ्टचे सुटे भाग."

"लिफ्टला साय लागते?"

"जुन्या लिफ्टला लागते."

एका बुधवारी तो केकवरच्या क्रीमपाशी पोचला होता. पलीकडून पेनाचा आवाज थांबला.

"लिहून झालं का?" त्यानं विचारलं.

"कधीचंच. तुम्ही सांगा... सावकाश सांगा. क्रीम बोटानं खाल्लंत की चमच्यानं?"

"हे तक्त्यात आहे?"

"नाही," ती म्हणाली. "मला चालत नाही ना काही. आमचं कोलेस्टेरॉल घराण्यातलं आहे. आजीकडून बाबांकडे, बाबांकडून माझ्याकडे. दागिने मात्र काकूंकडे गेले. मी रोज गोळी घेते, भोपळा उकडून खाते, तरी आकडा खाली यायचं नाव घेत नाही. बुधवारी तेवढं तुमच्या तोंडून जेवते."

"बोटानं," लिफ्टवाला सावकाश म्हणाला. पोटात फक्त सूप होतं.

त्या आठवड्यात त्यानं ताईचं पाककृतींचं जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं. खोटं बोलायचं तर निदान चविष्ट असावं.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा रक्त घेतलं, आणि चार दिवसांनी केंद्राच्या सरांनी त्याला बोलावलं. सर उभे राहिले. लिफ्टवाल्यासाठी आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. लोक नेहमी लिफ्टसाठी उभे असत.

"बावीस अंडी," सर हळूच म्हणाले. "आणि वाईट कोलेस्टेरॉल फक्त बावन्न. तुमच्या एका जनुकात एक अक्षर वेगळं आहे. त्यामुळे यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल झाडून घेतं."

"मग छानच की."

"फुकट काही नसतं. असे काही बदल कोलेस्टेरॉल उतरवतात, पण मधुमेहाचा धोका थोडा वाढवतात. तुमची साखर आत्ता ठीक आहे, तरी तपासत राहा. पण इतकं लोणी पचवणारा माणूस मी पाहिलेला नाही. शुक्रवारी दोनशे डॉक्टरांपुढे मी तुमच्यावर बोलणार आहे. हे हिनं शोधलं. हिची नोकरी आता कायम होईल."

ती कोपऱ्यात उभी होती. लाजून पेन कानामागे खोचत होती. तिथं आधीच एक पेन होतं.

लिफ्टवाला जिन्यानं खाली उतरला. खाई त्याला खवखवे म्हणतात. याला न खाताच खवखवत होतं. गप्प राहिलं तर शुक्रवारी टाळ्या. पण कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही. पुढे कधीतरी कुणी तपासणार, आणि खोटी आकडेवारी तिच्या नावावर चिकटणार. आणि सांगितलं तर... बुधवार संपले.

बुधवारी फोन आला.

"अंडी?" तिचा आवाज आनंदात होता.

"शून्य."

"बरं नाही का?"

"लोणी शून्य. साय शून्य. चीज, केक, क्रीम, सगळं शून्य. पहिल्या दिवसापासून. मी सूप पितो. मी तर लिफ्ट दुरुस्त करायला आलो होतो."

पलीकडे पानं एकेक करून मागे उलटल्याचा आवाज आला.

"ते मशरूम भरलेलं ऑम्लेट?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"पान नंबर एकशे बारा."

"मी त्या ऑम्लेटवर दोन दिवस काढले होते." मग आवाज एकदम सरकारी झाला. "चुकीच्या माहितीचं कारण लिहावं लागतं. विसरलात, लाज वाटली, की प्रश्न समजला नाही?"

"यातलं काही नाही."

"मग 'इतर'. सविस्तर सांगा. एकच ओळ जागा आहे."

"पुरेल," तो म्हणाला. "नाही म्हटलं की तुम्ही फोन ठेवत होता."

पेनाचा आवाज आला नाही. फोन बंद झाला.

शुक्रवार गेला. शनिवारी त्यानं दोन लिफ्ट उलट्या जोडल्या. वरचं बटण दाबलं की माणसं तळघरात जात होती. रविवारी ताई म्हणाली, "सूप गार झालं. लिफ्टनं दगा दिला का?" त्यानं ते गारच पिऊन टाकलं.

सोमवारी दुपारी फोन वाजला. सोमवारी कधी वाजत नसे.

"सरांना सगळं सांगितलं," ती म्हणाली. "त्यांनी भाषणातून तुमच्या बारा स्लाइड काढून टाकल्या. जनुक खरं आहे, तेवढं एका ओळीत सांगितलं. माझी नोकरी कायम व्हायची राहिली. चारशे जणांना पुन्हा फोन करून खरं-खोटं विचारायचं आहे."

"मी काही मदत..."

"तुम्ही नाही. तुमचं नाव यादीतून काढलंय. या अभ्यासाच्या दृष्टीनं तुम्ही आता कुणीच नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर फोन केला." ती अडखळली. पलीकडे कुठलंच पान उलटलं नाही. "जेवलात का?"

"नाही अजून."

"मग थांबा," ती म्हणाली. "येते मी. ताईंना म्हणावं, सूप वाढवा."